पाळी संपल्यावर वाजणारा फोन : गेटबाहेरची मिनिटं कशी मोजायची आणि कशी मागायची

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं टाइम ऑफिसात होतो. मस्टर, गेटपास, ओटीच्या (ओव्हरटाइमच्या, म्हणजे जादा कामाच्या) स्लिपा, पाळ्यांचा तक्ता, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. व्हॉट्सअ‍ॅप आल्यावर मीही एक ग्रुप काढला आणि रात्री साडेदहाला त्यावर टाकायला लागलो, 'उद्या फर्स्टला कोण येणार नाही ते आत्ताच कळवा.' माझं काम पाच मिनिटांत व्हायचं. पलीकडं चाळीस माणसं अंथरुणातून उठून उत्तर द्यायची. कुणी दिलं नाही तर मी मेसेज दाबून धरायचो, कुणी वाचला ते बघायचो आणि सकाळी गेटवर त्याला विचारायचो, 'वाचलास की, मग बोलला का नाहीस?' त्या चाळीस जणांची मिनिटं मस्टरवर कधीच चढली नाहीत. मस्टर मीच लिहीत होतो, म्हणून खात्रीनं सांगतो.

आता मी त्या खुर्चीवर नाही. ओळखीचे लोक हजेरीचं, ओटीचं काही अडलं की विचारायला येतात आणि अलीकडं निम्म्या तक्रारी फोनच्याच असतात. रोजावर, तासावर, पाळीवर काम करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. महिन्याच्या ठरीव पगारावरच्या साहेबलोकांचं दुखणं वेगळं. रोजंदारीवाल्याचा पैसा घड्याळावर चालतो आणि ते घड्याळ पंचिंग मशीनपाशी थांबतं. पुढं घरी बसून जे केलं ते कुणाच्याच हिशेबात नसतं.

आधी मेसेज निवडून घ्या

प्रत्येक मेसेजवर तापून उपयोग नाही. तांदूळ निवडतो तसे निवडा.

पहिला ढीग नुसत्या निरोपाचा. 'उद्या लाइट नाही, सेकंड बंद.' असल्या निरोपाचा फायदा आपल्यालाच असतो. पावसाळ्यात तर हे निरोप हवेतच. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ फुटांवर धोका, हे सांगलीत पोरालाही पाठ असतं. अशा रात्री 'येऊ नका' असा मेसेज आला तर त्याचा कसला हिशेब मांडायचा?

दुसरा ढीग बारीक प्रश्नांचा. 'स्टोअरची चावी कुठं ठेवलीस?' एक प्रश्न म्हणजे एक मिनिट. तो एकटा असला तर सोडून द्या. एका संध्याकाळी पाच आले तर मात्र ते वहीत गेले पाहिजेत, कारण पाचव्या प्रश्नापर्यंत जेवण गार झालेलं असतं.

तिसरा ढीग सरळ कामाचा. स्टॉकची बेरीज करून पाठव, फोटो शोधून टाक, सेफ्टीचा व्हिडिओ बघून खालची उत्तरं भर. यातला सगळ्यात चोरटा प्रकार म्हणजे 'तुला सुट्टी पाहिजे ना, मग तुझा बदली माणूस तूच बघ.' पाळीला माणूस लावणं हे सुपरवायझरचं काम. तो ते आपल्या गळ्यात घालतो आणि आपण सहा जणांना फोन करत बसतो. रिचार्जही आपलाच.

चौथा प्रकार ढिगात बसत नाही, पण जास्त खातो. 'घरीच थांब, गरज पडली तर बोलावतो.' फोन येवो न येवो, रविवारची जत्रा बुडते ती बुडतेच. थांबायला सांगितलं तेव्हाच मेसेजवर विचारा : किती वाजेपर्यंत थांबायचं, बोलावल्यावर किती वेळात पोचायचं, आणि नाही बोलावलं तर काय मिळणार. शेवटच्या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर येत नाही. हरकत नाही. आपण विचारलं होतं एवढं तरी कागदावर राहतं.

चार आठवडे वही

हे टाळून थेट भांडायला जाणारे मी खूप पाहिले. 'साहेब, रोज रात्री फोन येतात' म्हटलं की साहेब म्हणतो, 'रोज? कधी आला सांग.' आणि माणूस गप्प होतो.

आमच्याकडं कॉम्प्रेसर बघणारा एक जण होता. एक दिवस तो पोरीच्या शाळेची शंभर पानी वही घेऊन टाइम ऑफिसात आला. मागच्या बाजूनं उघडली. पेन्सिलीनं रेघा मारलेल्या होत्या आणि पहिलीच ओळ अशी होती : '१४ तारीख, रात्री ९:४०, प्रेशरचं रीडिंग विचारलं, तिथं सापडलं नाही म्हणून परत फोन, एकूण १२ मिनिटं.' खाली तशाच एकोणीस ओळी. तो काही बोलला नाही, मीही बोललो नाही. 'रोज त्रास होतो' याला माझ्याकडं दहा उत्तरं होती. '१२ मिनिटं' याला एकही नव्हतं.

तशीच वही करा. तारीख, वेळ, कुणी विचारलं, काय करायला लावलं, किती मिनिटं लागली, एवढे रकाने पुरेत. 'कुणी' हा रकाना ठेक्यावरच्या लोकांनी नीट भरावा. मेसेज कंपनीच्या सुपरवायझरचा होता की ठेकेदाराच्या माणसाचा, यावरून पुढं पैसे कुणाकडं मागायचे ते ठरतं. मिनिटं वाढवून लिहू नका. सात लागली तर सातच. एक ओळ खोटी निघाली की अख्खी वही खोटी ठरवतात. टाइम ऑफिसात बसून मी स्वतः हे केलेलं आहे. लिहायचं ते त्याच रात्री. आठवड्यानं आठवून लिहिलेली वही बघता क्षणी कळते, कारण सगळीकडं एकच शाई आणि सगळे आकडे दहा-पंधरा-वीस असे गोल.

तोंडी फोन आला तर मागं पुरावा राहत नाही. त्याला सोपा उपाय आहे. फोन ठेवल्या ठेवल्या एक ओळ पाठवा : 'दादा, आत्ता तुम्ही सांगितल्याप्रमाणे तीन जणांना फोन करून उद्याच्या पाळीचं विचारतो.' उत्तरादाखल नुसता अंगठा आला तरी काम झालं.

स्क्रीनशॉटमध्ये एक गोम आहे. त्याच दिवशी काढला तर वर तारखेच्या जागी 'आज' दिसतं, दुसऱ्या दिवशी 'काल', मग वार. खरी तारीख आठवडा उलटल्यावर दिसते. म्हणून एक लगेच काढा, पाठवणाऱ्यानं मेसेज पुसला तर हाताशी असावा म्हणून. दुसरा महिनाअखेरीला, तारखेसकट. ग्रुपचं नाव त्यात आलं पाहिजे. ग्रुपवर मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असेल तर महिनाअखेरीची वाट बघू नका. कंपनीची ड्रॉइंगं, गिऱ्हाइकांची कागदपत्रं यांचे फोटो मात्र पुरावा म्हणून काढू नका. ते उलट आपल्याच अंगावर येतं.

हिशेब मांडताना

समजा जनरल पाळी, साडेआठ ते पाच, अर्धा तास जेवण. म्हणजे रोज ८ तास काम, सहा दिवसांचे ४८. रोज ६०० रुपये, म्हणजे तासाला ७५. रात्रीचे फोन रोज सरासरी २५ मिनिटं. महिन्याचे २६ दिवस धरले तर ६५० मिनिटं, म्हणजे १० तास ५० मिनिटं. ४८ तास आधीच भरलेले असल्यामुळं हा सगळा वेळ ओटीत जातो आणि ओटीला दर दुप्पट, तासाला १५०. झाले १,६२५ रुपये. पावणेतीन रोजांच्या आसपास.

आता पाळी सात ते तीन असेल आणि जेवणाचा अर्धा तास त्यातच असेल, तर प्रत्यक्ष काम साडेसात तासांचं. सहा दिवसांचे ४५. आठवड्याचे अडीच तास फोनवर गेले तरी ४८ च्या आतच राहतात, दिवसाचे ८ तासही ओलांडत नाहीत. तिथं दुप्पट मागाल तर टाइम ऑफिसवाला हसून परत पाठवेल. एकपट मागा. तासाला तेच ७५ धरले तर महिन्याचे ८१२ रुपये होतात. ओटी बसत नाही म्हणून काम फुकट ठरत नाही. हा फरक माहीत असलेला माणूस समोर आला की टेबलापलीकडचा जरा सावरून बसतो.

कायदा किती बाजूनं आहे

२१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या. १९४८ चा कारखाने कायदा, किमान वेतनाचा कायदा, वेतन अदायगीचा कायदा, सगळे त्यांत विरले. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ आणि जादा तासाला दुप्पट दर हे संहितांमध्ये आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा, काम सोडलं किंवा काढलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा आणि कामावर घेताना नेमणूकपत्र द्यायचं, हेही आहे. दुकानं, हॉटेलं, ऑफिसं यांच्यासाठी राज्याचा २०१७ चा वेगळा कायदा आहे; जादा कामाला दुप्पट तिथंही आहे.

पण घरी बसून व्हॉट्सअ‍ॅपला उत्तर दिलं की तो ओटीचा तास, असं शब्दशः कुठंही लिहिलेलं नाही. पाळीबाहेर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात २०२४ पासून आहे. आपल्याकडं खासदार सुप्रिया सुळे यांनी तसं खासगी विधेयक लोकसभेत २०१८ मध्ये मांडलं, २०२५ च्या डिसेंबरात पुन्हा मांडलं. त्याचा कायदा झालेला नाही. म्हणून 'मला फोन न उचलण्याचा हक्क आहे' या वाक्यावर भांडण उभं करू नका. काम झालं, त्यांनी सांगितलं म्हणून झालं आणि झाल्याचं त्यांना माहीत होतं, एवढं दाखवता आलं की आपली बाजू पायावर उभी राहते. वही त्यासाठीच.

आणखी एक. कागदावर 'सुपरवायझर' लिहिलंय आणि पगार १८,००० च्या वर आहे, तर कामगार म्हणून दावा अवघड होतो. मात्र नुसतं नाव सुपरवायझर आणि दिवसभर काम लेथवर, असं असेल तर प्रत्यक्ष काम काय करता हे दाखवा. नावापेक्षा तेच बघितलं जातं.

फोनची व्यवस्था

कामाचा ग्रुप म्यूट करा. आठ तास, आठवडा किंवा कायमचा, तिन्ही पर्याय असतात. निळ्या टिका बंद केल्या की सुटलो असं बऱ्याच जणांना वाटतं. ग्रुपमध्ये त्या बंद होतच नाहीत. उघडलात की वाचलेलं दिसणारच. म्हणून पाळी संपल्यावर कामाचा ग्रुप उघडायची एकच वेळ ठरवा, उदाहरणार्थ रात्री आठला पाच मिनिटं, आणि ती सुपरवायझरला आधी सांगून ठेवा. खरंच आग लागली, कुणाला मशीनवर लागलं तर फोन करा, मी उचलीन, हेही सांगा. लोक मेसेज फुकट समजतात, फोन करताना विचार करतात. नुसत्या एवढ्यानं निम्मी गर्दी कमी झालेली मी बघितली आहे.

बोलायचं कसं

पाळी बदलताना विषय काढू नका, तेव्हा दोन्हीकडची माणसं अंगावर असतात. चहा आल्यावर काढा. बोलणं साधारण असं :

'दादा, एक विचारू का?'

'बोल की.'

'काल रात्री बदली माणूस बघायला सहा फोन केले. पाऊण तास गेला. ओटीत धरता येतोय का?'

'आरं, फोनवर बोलल्याचा कसला ओटी?'

'मग तो पाऊण तास कुठं लिहायचा तेवढं सांगा. मी वहीत लिहिलाय.'

इथं थांबायचं. पुढं 'कायदा असा आहे' हे जोडायची घाई करू नका. बऱ्याच सुपरवायझरांना आपण किती वेळ खातो याची कल्पनाच नसते आणि त्यांनाही वरून रात्री अकराला फोन येतच असतात.

मागणीबरोबर तोडगा घेऊन गेलात तर काम लवकर होतं. माझ्या अनुभवात रात्रीच्या मेसेजांचं मूळ एकाच जागी असतं : पाळी बदलताना लिहून काही दिलं जात नाही. त्या कॉम्प्रेसरवाल्याच्या एकोणीस ओळी मी आणि मॅनेजर बसून वाचल्या. त्यातल्या चौदा प्रश्नांची उत्तरं खरं तर मशीनपाशी कागदावर असायला हवी होती. मॅनेजरनं पैसे द्यायला तेव्हा नकार दिला, ते मला आजही पटलेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी प्रत्येक लाइनला एक रजिस्टर टांगलं, सुतळीनं पेन बांधून. मशीन नंबर, काय चालू आहे, काय अडलंय, गेज आणि चावी कुठं, पुढच्यानं आधी काय करायचं. पहिल्या आठवड्यात लोकांनी 'ओके' एवढंच लिहिलं. मग एकदा 'ओके' लिहिलेल्या मशीनवर जॉब रिजेक्ट झाले, तेव्हा लिहायला लागले. त्याच्या वहीत पुढच्या महिन्यात चार ओळी होत्या.

रजिस्टर मागताना एक अट घालून घ्या. ते भरायची पाच मिनिटं पाळीच्या आतली असली पाहिजेत. पंच झाल्यावर उभं राहून भरायचं ठरलं, तर रात्रीचा त्रास गेटवर आला एवढाच फरक.

मिरजेत दवाखान्यांत काम करणाऱ्या मावश्या, वॉर्डबॉय, सिस्टर यांच्याकडं 'ओव्हर' द्यायची, म्हणजे पाळी बदलताना पुढच्याला सगळं सांगून जायची, पद्धत आधीपासून आहे, तरी फोन येतात. माझी वहिनी एका दवाखान्यात पाळीवर आहे. तिला 'पेशंटचा प्रश्न आहे' म्हटलं की पुढं बोलताच येत नाही. तिनं एक नियम केला : पेशंटबद्दल स्वतःच्या मोबाइलवर काही लिहायचं नाही, वॉर्डच्या फोनवर करून सांगायचं. पेशंटची माहिती बाहेर जात नाही, आणि विचारणाऱ्याला वॉर्डच्या फोनपर्यंत उठून जावं लागतं. निम्मे जण उठत नाहीत, फाइल उघडून बघतात.

तरी ऐकलं नाही तर कागद

अर्ज दोन प्रतींत. एक द्यायची, दुसरीवर सही-शिक्का घेऊन पोहोच आपल्याकडं ठेवायची. पोहोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा. मजकूर असा पुरतो :

'विषय : पाळीव्यतिरिक्त केलेल्या कामाची नोंद व मोबदला मिळणेबाबत.

महोदय, मी आपल्या पॅकिंग विभागात रोजंदारीवर काम करतो. दि. १ ते ३० या कालावधीत विभागाच्या सूचनेवरून पाळी संपल्यानंतर फोन व व्हॉट्सअ‍ॅपद्वारे केलेल्या कामास एकूण १० तास ५० मिनिटे लागली. तारीखवार तपशील सोबत जोडला आहे. सदर वेळेची हजेरीपत्रकात नोंद होऊन नियमानुसार मोबदला मिळावा. तसेच यापुढे असे काम कोणी व कोणत्या वेळेत सांगावे, याबाबत लेखी सूचना मिळावी, ही विनंती.'

तारखांना महिना आणि वर्ष घाला. ठेक्यावर असाल तर एक प्रत ठेकेदाराला, एक कंपनीला. ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, म्हणून कंपनीला आधीपासून माहीत असलेलं बरं.

एकट्यानं अर्ज देऊ नका, हे मी प्रत्येकाला सांगतो. बदली आणि ठेक्यावरच्या माणसाला 'उद्यापासून येऊ नकोस' म्हणायला एक फोन पुरतो, हे खोटं कशाला बोलायचं? सहा जणांच्या सह्या असल्या की तो फोन करायला जड जातो. युनियन असेल तर तिच्यामार्फतच द्या.

महिनाभरात उत्तर नाही आलं तर सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय. ते सांगलीतही आहे, साताऱ्यातही. शिरवळ, लोणंद, कऱ्हाडकडच्यांनी साताऱ्याला जायचं. सोबत ओळखपत्र किंवा गेटपासची झेरॉक्स, पगाराच्या स्लिपा, स्लिप मिळत नसेल तर बँकेचं पासबुक, वहीची झेरॉक्स आणि स्क्रीनशॉटचे प्रिंट. वेतन संहितेप्रमाणे दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. पगार कमी दिल्याचा दावा झाला की पैसे दिले होते हे सिद्ध करायचं ओझं मालकावर असतं. काम केल्याचं मात्र आधी आपण दाखवायचं. पहिल्या खेपेला साहेब जागेवर नसतात, तेव्हा आधी फोन करून जा. नाही तर एक रोज तिकडंच जातो.

काम सोडायची वेळ आली तर क्रम चुकवू नका. राजीनामा देण्याआधी ग्रुपचं चॅट बाहेर काढून स्वतःच्या मेलवर पाठवा. ग्रुपवर तशी बंदी घातली असेल तर बसून स्क्रीनशॉट काढा. कंपनीनं दिलेला मोबाइल असेल तर तो परत करण्याआधीच हे उरका, कारण टेबलावर ठेवलेला फोन परत हातात देत नाहीत. मी कधी दिला नाही.